उत्तर आधी, मूल नंतर

२५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये दोन गोष्टी घडल्या. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयात दुपारी व्हिक्टोरिया क्लिम्बिए ही आठ वर्षांची मुलगी मरण पावली. त्याच दिवशी उत्तर लंडनमधल्या हॅरिंगे कौन्सिलच्या समाजसेवा विभागाने तिचं प्रकरण निकाली काढलं. ती गेल्याची बातमी त्या कार्यालयापर्यंत पोचली नव्हती. घरी गेलं तर दार कुणी उघडत नाही, त्या अर्थी मुलगी आणि तिला सांभाळणारी बाई फ्रान्सला परत गेली असावी, असा तिथला समज होता.

शवविच्छेदनात तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण मोजले गेले. आदल्या दिवशी तिला इस्पितळात आणलं तेव्हा तिच्या शरीराचं तापमान २७ अंश सेल्सिअसवर उतरलेलं होतं.

या मुलीपर्यंत सरकारी यंत्रणा पोचलीच नव्हती, असं असतं तर दोष शोधणं सोपं होतं. माणसं वाढवा, कार्यालयं उघडा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण लंडनमधल्या दहा महिन्यांत व्हिक्टोरियाचा संबंध चार कौन्सिलांच्या समाजसेवा विभागांशी, तीन गृहनिर्माण कार्यालयांशी, पोलिसांच्या दोन बालसंरक्षण पथकांशी, दोन रुग्णालयांशी आणि मुलांवरची क्रूरता रोखण्यासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या जुन्या संस्थेच्या एका केंद्राशी आला होता. पुढे लॉर्ड लेमिंग यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने, तिला वाचवता आलं असतं अशा बारा संधी मोजून दाखवल्या. त्यांतल्या एकीसाठीही असामान्य बुद्धी किंवा धाडस लागणार नव्हतं. रोजचं काम नीट झालं असतं तरी पुरलं असतं.

हा प्रश्न प्रशासनाचा आहेच. पण त्याच्या तळाशी त्याहून कितीतरी जुना प्रश्न आहे. धर्मांनी आणि तत्त्वज्ञांनी तो पुन्हा पुन्हा विचारला आहे. डोळ्यांसमोरचं दुःख माणसाला दिसत का नाही? आणि न दिसणं हा अपराध धरायचा की नाही?

व्हिक्टोरियाचा जन्म २ नोव्हेंबर १९९१ चा, आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरालगतच्या आबोबोचा. सात भावंडांतली ती पाचवी. १९९८ मध्ये नात्याने तिची आजी लागणारी मारी-तेरेझ कुआओ फ्रान्सहून गावी आली आणि एखाद्या मुलाला शिक्षणासाठी युरोपला नेण्याची तयारी तिने दाखवली. सुस्थितीतल्या नातेवाइकाकडे मूल शिकायला ठेवणं ही तिथली रुळलेली रीत. आईवडिलांनी विश्वासाने लेक सोपवली. प्रवास मात्र दुसऱ्याच मुलीच्या नावाच्या पासपोर्टवर झाला. लंडनच्या कार्यालयांतून ती वावरली ती ‘ॲना’ म्हणून. तिचं खरं नाव यंत्रणेला कळलं ते ती गेल्यावर.

एप्रिल १९९९ मध्ये दोघी लंडनला आल्या. जूनमध्ये कुआओची कार्ल मॅनिंग या बसचालकाशी ओळख झाली आणि जुलैत दोघी टॉटनहॅममधल्या त्याच्या फ्लॅटवर राहायला गेल्या. तिथे छळ वाढत गेला. त्या हिवाळ्यात व्हिक्टोरियाला थंडगार बाथरूममधल्या टबात, प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत झोपवलं जात होतं. लंडनमध्ये असताना ती एकही दिवस शाळेत गेली नाही. जानेवारी २००१ मध्ये कुआओ आणि मॅनिंग दोघांनाही खुनाबद्दल जन्मठेप झाली.

क्रौर्य या दोघांचं होतं. यंत्रणेची चिकित्सा करताना मारणारे हात नजरेआड होतात, म्हणून हे आधीच स्वच्छ सांगायला हवं. तरीही मारणाऱ्याला शिक्षा झाली की प्रश्न संपला, असं म्हणता येत नाही. मुलांचं संरक्षण हे ज्यांचं कामच होतं, त्यांनी काय पाहिलं आणि पाहिलेल्याचं काय केलं, हे उरतंच.

लेमिंग यांच्या चौकशीतून जे पुढे आलं त्यातली सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की माहितीची टंचाई नव्हती. टप्प्याटप्प्यावर कुणाला ना कुणाला काहीतरी खटकलं होतं. पण ते मनात ठाण मांडण्याआधीच त्याचं उत्तर हजर होई.

ईलिंग कौन्सिलच्या बेघरांसाठीच्या कार्यालयात बाई नीटनेटकी आणि मुलगी मात्र गबाळी, हा फरक तिथल्या लोकांच्या नजरेत भरला होता. पण हे कुटुंब म्हणजे घर आणि पैसे मागायला आलेलं एक प्रकरण, अशी त्याची वर्गवारी झाली. घर मागणाऱ्या बाईसोबत एक मूलही आहे, याला फारसं महत्त्व उरलं नाही.

१४ जुलै १९९९ ला, दिवसभर मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या एका बाईच्या मुलीने व्हिक्टोरियाला सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात नेलं. तिला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांना या जखमा कुणीतरी केलेल्या आहेत असा दाट संशय आला. पोलिसांनी मुलीला संरक्षणाखाली घेतलं. मग वरिष्ठ डॉक्टरांनी पाहिलं आणि निदान दिलं : खरूज. दुसऱ्या दिवशी संरक्षण उठलं आणि व्हिक्टोरिया पुन्हा कुआओच्या हवाली झाली.

दहाच दिवसांनी ती नॉर्थ मिडलसेक्स रुग्णालयात दाखल झाली, डोकं आणि चेहरा भाजलेल्या अवस्थेत. खरजेची खाज थांबावी म्हणून पोरीने स्वतःच गरम पाणी ओतून घेतलं, असं कुआओने सांगितलं. व्हिक्टोरिया तिथे तेरा रात्री होती. परिचारिकांना तिच्या अंगावर इतरही खुणा दिसल्या. कुआओ भेटायला आली की मुलगी ताठ उभी राहते, घाबरून कपड्यातच लघवी करते, हेही दिसलं. यातलं बरंचसं नोंदवहीत उतरलंच नाही. इथल्या वरिष्ठ डॉक्टरांना छळाची शंका होती. पण त्यांनी केलेल्या नोंदीचा अर्थ ‘घरी सोडायला हरकत नाही’ असा निघत होता. त्यांच्या मनात हरकत नव्हती ती फक्त वैद्यकीय बाजूने. वाचणाऱ्यांनी मात्र काळजीचं कारण उरलेलं नाही, असा अर्थ घेतला.

हॅरिंगेत तिचं प्रकरण ज्या समाजसेविकेकडे होतं, तिच्याकडे ते २११ दिवस राहिलं. एवढ्या काळात तिची व्हिक्टोरियाशी चार वेळा गाठ पडली, आणि चारही वेळांचा मिळून अवधी अर्ध्या तासाहून कमी भरला. मुलगी कुआओसमोर ताठ उभी राहते याचा अर्थ तिने कृष्णवर्णीय कुटुंबांतला वडीलधाऱ्यांविषयीचा आदर असा लावला. पोलिसांच्या बाजूने तपास ज्यांच्याकडे होता, त्या अधिकारी खरूज लागेल या धास्तीने त्या फ्लॅटवर गेल्याच नाहीत. व्हिक्टोरियाची भाषा फ्रेंच. सोबत दुभाषी घेऊन, कुआओला बाहेर बसवून, तिची सविस्तर विचारपूस कुणीही केली नाही. डिसेंबर आणि जानेवारीत समाजसेविका तीनदा त्या दारापर्यंत गेली. दार उघडलं नाही. मग फ्रान्सचा तर्क पुढे आला, आणि तर्काचा निष्कर्ष व्हायला वेळ लागला नाही.

देवाधर्माचं दारही या कहाणीत येतं. कुआओ व्हिक्टोरियाला एका छोट्या चर्चमध्ये नेऊ लागली होती. पोर अंथरूण ओलं करते, ऐकत नाही, अशी तिची तक्रार. तिथल्या पाद्र्याने निदान केलं : हिला दुष्टात्म्याने पछाडलं आहे. उपाय म्हणून प्रार्थना सांगितल्या. पुढे दुसऱ्या एका चर्चमध्येही बाधेचीच भाषा झाली आणि शुक्रवारच्या खास प्रार्थनेला मुलीला घेऊन येण्याचा सल्ला मिळाला.

भूतबाधेचं निदान ऐकून शिकलेल्या माणसाला सहज चीड येते, आणि ती यायलाच हवी. भेदरलेल्या, मार खाणाऱ्या मुलीची लक्षणं तिच्याच अंगातल्या पापाची खूण ठरवणं यासारखं क्रौर्य नाही. पण ती चीड तिथेच थांबवणं अप्रामाणिकपणाचं होईल. खरूज, कुटुंबातला आदर, घरासाठी चाललेली खटपट, फ्रान्सला परतणं आणि भूतबाधा, ही सगळी विधानं एकाच रांगेत ठेवून पाहिली तर त्यांची जात एकच दिसते. एकामागे वैद्यकशास्त्र आहे, दुसऱ्यामागे दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान राखण्याची सदिच्छा आहे, तिसऱ्यामागे कार्यालयाचा अनुभव आहे, चौथ्यामागे साधं अनुमान, पाचव्यामागे श्रद्धा. काम मात्र सगळ्यांनी एकच केलं. जी मुलगी समोर उभी होती तिची जागा तिच्याविषयीच्या स्पष्टीकरणाने घेतली. उत्तर मिळाल्यावर माणूस पाहायचं थांबतो.

इथे धर्म विरुद्ध विज्ञान असा नेहमीचा सामना लावून काही हाती लागत नाही. पाद्र्याची श्रद्धा अंध होती म्हणून तो चुकला असं म्हटलं, तर डॉक्टरांच्या आणि समाजसेविकेच्या चुकीचं काय करायचं? त्यांच्याकडे शास्त्र होतं, प्रशिक्षण होतं, कायदा होता. चूक ज्ञानाच्या प्रकारात नव्हती. आपलं मत खोटं ठरवू शकेल असं काही समोर आहे का, हे शोधायची तयारी कुणातच नव्हती, आणि सगळ्यांची चूक तिथे होती.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या आयलीन मनरो यांनी १९९९ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. १९७३ ते १९९४ या काळातले ब्रिटनमधल्या बालछळाच्या चौकशीचे ४५ अहवाल त्यांनी तपासले. त्यांना वारंवार आढळलेला दोष असा : कार्यकर्त्याचं एकदा मत बनलं की विरोधी पुरावा समोर येऊनही ते बदलत नाही. नवी माहिती आली तर ती जुन्या मतात बसवली जाते, किंवा बाजूला पडते. मनरो ज्या संस्थेत शिकवत, तिथेच एके काळी कार्ल पॉपर शिकवत होते. विज्ञानाचं मोठेपण आपलं म्हणणं सिद्ध करण्यात नसून ते खोडून काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न करण्यात आहे, असं पॉपर यांचं प्रतिपादन. प्रयोगशाळेसाठी मांडलेली ही शिस्त एखाद्या घराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यालाही लागते, आणि तिथे ती पाळणं फार कठीण असतं. समोर बाई बोलत असते, चहा विचारत असते, रडत असते. तिच्यावर अविश्वास दाखवणं अमानुष वाटतं. चांगुलपणावर विश्वास ठेवणं हा सज्जन माणसाचा स्वभाव, आणि छळ करणारा त्या स्वभावाचाच आसरा घेतो.

मग संशय हाच धर्म मानायचा का? तसं करून पाहिलं तर काय होतं, याचा अनुभवही इंग्लंडच्याच गाठीशी आहे. १९८७ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या क्लीव्हलंड परगण्यात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान दोन बालरोगतज्ज्ञांनी केलं. त्यासाठी त्यांनी जी वैद्यकीय चाचणी आधाराला घेतली तिच्यावरून पुढे मोठा वाद पेटला. मुलं घरांतून उचलली गेली, रुग्णालयाचे वॉर्ड भरले. नंतर त्यांतली बहुसंख्य मुलं न्यायालयांनी घरी पाठवली. एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशी अहवालाने १९८८ मध्ये बजावलं, की मूल हे माणूस आहे, काळजी वाहण्याची वस्तू नव्हे.

क्लीव्हलंड आणि टॉटनहॅम ही एकमेकांच्या उलट टोकाची उदाहरणं वाटतात. एकीकडे यंत्रणा नको तिथे घुसली, दुसरीकडे हवी तिथे गेली नाही. पण दोन्हीकडे बिघाड एकाच जागी झालेला आहे. दोन्हीकडे उत्तर तयार होतं आणि मुलाला विचारायचं राहून गेलं. म्हणून ‘जास्त संशय घ्या’ किंवा ‘जास्त विश्वास ठेवा’ हे दोन्ही उपदेश मुद्दा चुकवतात. मुलं संकटात असण्याची शक्यता असलेली घरं हजारोंनी असतात, आणि त्यांतल्या अगदी मोजक्या घरांत मूल जिवानिशी जातं. ते घर नेमकं कोणतं, हे आधी खात्रीने सांगणारी कसोटी कुणाकडेही नाही. चुकीचं अनुमान होणारच. त्याला पाप म्हणता येणार नाही. अपराध सुरू होतो तो आपलं अनुमान पुन्हा तपासायचं नाकारतो तेव्हा.

इथे दुसरं एक कोडं उभं राहतं. नाकारलं तरी नक्की कुणी?

बारा संधी हुकल्या, पण त्या एकाच माणसाच्या हातून हुकल्या नाहीत. ईलिंगने घराची मागणी पाहिली, ब्रेंट कौन्सिलने आलेली तक्रार नोंदवली, एका रुग्णालयाने कातडी पाहिली, दुसऱ्याने भाजणं पाहिलं, पोलिसांनी गुन्हा आहे की नाही एवढंच पाहिलं. प्रत्येकाचा वाटा छोटा, आणि आपापल्या वाट्यापुरतं काहीतरी प्रत्येकाने केलेलंही. डॉक्टरांना वाटलं समाजसेवा विभाग पाहील, समाजसेवा विभागाला वाटलं डॉक्टरांनी पाहिलंच आहे. कामाची अशी वाटणी करण्याला पर्याय नाही. तपासणारा डॉक्टर घरोघर फिरू शकत नाही. पण कामाबरोबर कर्तव्याचीही वाटणी झाली, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. कर्तव्य तसं वाटलं जात नाही. दहा जणांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येत नाही. प्रत्येकावर ती पुरीच्या पुरी असते.

ज्या धर्माच्या नावाने व्हिक्टोरियाला बाधा झाल्याचं सांगितलं गेलं, त्याच धर्माच्या ग्रंथात या कोड्यावरची एक विख्यात गोष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू ती सांगतो. वाटेत लुटून, मारून टाकलेला एक माणूस पडलेला असतो. एक याजक त्याला पाहतो आणि बाजूने निघून जातो. मंदिराच्या सेवेतला एक लेवीही तसंच करतो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला तिथले लोक परका आणि हीन मानत. ही गोष्ट बहुतेक वेळा दयेची म्हणून सांगितली जाते. पण तिची धार वेगळी आहे. निघून जाणारे दोघे अडाणी किंवा दुष्ट नव्हते. समाजाने पवित्र कामासाठी नेमलेली ती अधिकृत माणसं होती. आणि येशूला विचारलेला प्रश्न होता ‘माझा शेजारी कोण?’, म्हणजे माझं कर्तव्य कुठवर पोचतं. गोष्ट संपवून येशूने तो उलटा केला : त्या माणसाचा शेजारी कोण झाला? कर्तव्याची हद्द विचारणाऱ्याला त्याने हद्द आखून दिली नाही.

व्हिक्टोरियाच्या बाबतीत थांबलेली माणसं कोण होती, हे पाहिलं की त्या गोष्टीचा अर्थ आणखी लख्ख होतो. जून १९९९ मध्ये ओळखीच्या एका बाईने नाव न सांगता ब्रेंटच्या समाजसेवा विभागाला फोन करून या मुलीची काळजी वाटत असल्याचं कळवलं होतं. मुलं सांभाळणाऱ्या बाईने आणि तिच्या मुलीने तिला इस्पितळात पोचवलं. आणि २४ फेब्रुवारी २००० ला, बेशुद्धीकडे चाललेल्या व्हिक्टोरियाची अवस्था पाहून हादरलेल्या एका टॅक्सीचालकाने गाडी थेट टॉटनहॅमच्या रुग्णवाहिका केंद्रात नेली. यांच्यापैकी कुणाकडेही बालसंरक्षणाचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यांच्याजवळ तयार उत्तरही नव्हतं, म्हणून त्यांना मुलगी दिसली.

अधिकृत कर्तव्याबद्दल कायदा काय म्हणतो? दोन न्यायालयांनी दोन उत्तरं दिली आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जोशुआ डिशॅनी या चार वर्षांच्या मुलाला १९८४ मध्ये बापाने इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. काउंटीच्या समाजसेविकेने त्याआधी अनेक महिने आपल्या संशयाच्या नोंदी नीट लिहून ठेवल्या होत्या, पण मुलाला बापाकडून काढून घेतलं नव्हतं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की खाजगी व्यक्तीच्या हिंसेपासून मुलाला वाचवण्याचं बंधन संविधान सरकारवर घालत नाही. युरोपात वेगळं घडलं. इंग्लंडमधल्या एका कुटुंबातल्या चार भावंडांची हेळसांड समाजसेवा विभागाला चार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होती. त्यांचा खटला स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला, आणि मे २००१ मध्ये न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं. मुलांना अमानुष वागणुकीपासून वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे आणि माहीत असून गप्प राहणं हा त्याचा भंग आहे, असं ते न्यायालय म्हणालं.

या दोन निकालांतला फरक आहे तो काही न करण्याच्या नैतिकतेबद्दलचा. अमेरिकेतल्या बहुमताला वाटलं, मारणं हे कृत्य आणि न वाचवणं ही केवळ अनुपस्थिती. पण ज्या क्षणी राज्य ‘मुलांसाठी आम्ही आहोत’ असं म्हणून एक खातं उघडतं, त्या क्षणी शेजारी, शिक्षक, नातेवाईक आपली काळजी त्या खात्याकडे सोपवून मोकळे होतात. तक्रार नोंदवली, आता ते पाहतील. असा विश्वास पत्करल्यावर खात्याचं न करणं ही साधी अनुपस्थिती राहत नाही. इतरांचे मदतीचे हात आवरते घ्यायला लावून ते जागेवरच बसलेलं असतं.

मग दोषाचं काय? १९४५-४६ च्या हिवाळ्यात हायडेलबर्ग विद्यापीठात कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञाने उद्ध्वस्त जर्मनीसमोर अपराधाचे चार प्रकार मांडले होते. फौजदारी अपराध, ज्याचा निवाडा न्यायालय करतं. राजकीय अपराध, जो त्या राज्याचा नागरिक म्हणून प्रत्येकाला चिकटतो. नैतिक अपराध, ज्याचा न्यायाधीश ज्याची त्याची सदसद्विवेकबुद्धी. आणि चौथा आध्यात्मिक, माणूस म्हणून दुसऱ्या माणसाशी असलेलं नातं तुटल्याचा, ज्याचा निवाडा फक्त ईश्वरापुढे. ही विभागणी वेगळ्या, कितीतरी प्रचंड पापासाठी केलेली होती. तरी तिच्या उजेडात टॉटनहॅमकडे पाहिलं तर गुंता सुटायला मदत होते. कुआओ आणि मॅनिंग पहिल्या प्रकारात. हॅरिंगेच्या अपुऱ्या मनुष्यबळाची, ढिसाळ देखरेखीची आणि अनुभव नसलेल्यांवर टाकलेल्या ओझ्याची जबाबदारी दुसऱ्या प्रकारात. ती तिथल्या वरिष्ठांची, नगरसेवकांची आणि त्यांना निवडून देणाऱ्यांची. पाहून न पाहिलेल्यांचा हिशेब तिसऱ्यात. हे सगळे कप्पे एकत्र कालवले, की दोनच गोष्टी घडतात. सगळं खापर एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्यावर फुटतं, नाहीतर ‘व्यवस्थाच तशी’ असं म्हणून सगळे जण हात झटकतात.

पहिली गोष्ट काय करते, हे पुढच्या दशकात दिसलं. लेमिंग अहवालाने १०८ शिफारशी केल्या होत्या. २००४ मध्ये नवा बालकायदा आला, माहितीची देवाणघेवाण, संगणकीय नोंदी, मुदती, तक्ते सगळं वाढलं. आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्याच हॅरिंगेत १७ महिन्यांचा पीटर छळाने मरण पावला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘बेबी पी’ म्हटलं. शेवटच्या आठ महिन्यांत डॉक्टर, समाजसेवक आणि पोलिसांशी त्याचा सुमारे साठ वेळा संबंध आला होता. एका भेटीच्या वेळी अंगावरचे वण दिसू नयेत म्हणून त्याला चॉकलेट फासलेलं होतं. चॉकलेट खाताना तोंड माखलेलं बाळ, यापेक्षा निरागस उत्तर कोणतं?

त्याच्या मृत्यूच्या खटल्यानंतर देशभर संताप उसळला. कर्मचाऱ्यांना हटवा म्हणून एका वृत्तपत्राने दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. मंत्र्यांनी विभागप्रमुखांना पदावरून दूर करवलं, आणि ती कारवाई न्याय्य पद्धतीने झाली नव्हती असं अपील न्यायालयाने २०११ मध्ये ठरवलं. दरम्यान मुलांना ताब्यात घेण्यासाठी न्यायालयांकडे जाणारे अर्ज झपाट्याने वाढले, आणि या कामाला अनुभवी माणसं मिळणं अवघड झालं. भ्यालेल्या माणसाची नजर मुलाकडे कमी आणि फाइलकडे जास्त जाते. उद्या चौकशी झाली तर आपली बाजू कागदावर हवी, हा विचार मनात घर करतो. संतापामागे व्याकूळ माया होती, पण त्याने केलं ते इतकंच की कार्यकर्त्याच्या हाती आणखी एक सुरक्षित उत्तर दिलं : मी नियम पाळले आहेत.

२०११ मध्ये आयलीन मनरो यांनीच सरकारसाठी केलेल्या पाहणीत हे स्पष्टपणे मांडलं. यंत्रणा नियम पाळण्यात इतकी गुंतली आहे की त्याचा मुलाला उपयोग झाला का, हे विचारायला तिला उसंत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. धार्मिक बाजूनेही काही हालचाल झाली. लंडनच्या पोलिसांनी २००५ मध्ये श्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या बालछळासाठी वेगळा उपक्रम सुरू केला, आणि २०१२ मध्ये सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्यात धर्मगुरूंना आणि समाजांना सोबत घेण्यावर भर होता. हे योग्यच आहे. बाधेचं निदान करणाऱ्याला कायद्याचा धाक हवा, आणि त्याच्या मंडळीतल्या कुणीतरी ‘हिच्या अंगावर हे वण कसले?’ असं भर प्रार्थनेत विचारायलाही हवं.

तरी २०२० मध्ये सॉलिहल इथे सहा वर्षांचा आर्थर लबिन्जो-ह्यूझ मारला गेला. त्याच्या पाठीवरच्या वणांबद्दल आजीने समाजसेवा विभागाला कळवलं होतं. समाजसेवक घरी जाऊन आले आणि मुलांच्या खेळातल्या झटापटीत लागलं असेल, हे स्पष्टीकरण स्वीकारलं गेलं.

आणखी एक तक्ता, आणखी एक कायदा याने हे थांबेल, असं म्हणायला या सगळ्या अनुभवात आधार नाही. लेमिंग यांच्या शिफारशींत मात्र एक अशी आहे जिच्यात सगळा नैतिक विचार प्रशासनाच्या भाषेत उतरला आहे : मुलाशी एकांतात बोलल्याशिवाय आणि ते राहतं ती जागा पाहिल्याशिवाय छळाचं कोणतंही प्रकरण बंद करू नये. तिच्यात उत्तराआधी मुलाला ठेवलेलं आहे. ती पाळायची तर कार्यकर्त्याला वेळ हवा, दुभाषी हवा, हाताखालच्या प्रकरणांची संख्या माणसाला पेलेल इतकी हवी. सर्वांत गरजेची आहे ती कनिष्ठाने वरिष्ठाला पुन्हा एकदा ‘तुमची खात्री आहे का?’ असं विचारण्याची मुभा. जुलै १९९९ मध्ये सेंट्रल मिडलसेक्समध्ये पहिल्या डॉक्टरांचा संशय बरोबर होता, आणि खरजेच्या निदानानंतर तो पुन्हा कुणी उकरून काढला नाही. संशय बोलून दाखवणाऱ्याचं ऐकून घेतलं जाईल अशी पद्धत कोणत्या कार्यालयात, कोणत्या इस्पितळात, कोणत्या चर्चमध्ये आहे, हे आजही बहुतेक वेळा एखादं मूल गेल्यावर नेमलेल्या चौकशीतूनच कळतं.